उपाशी नळी

११ जानेवारी

ठोंब्या,

वर आधी 'अनेक आशीर्वाद' लिहिलं होतं. मग कागदच बदलला. ते दोन शब्द वाचून तू पाकीट भिरकावून दिलं असतंस, हे मला इथे बसून दिसलं.

तुझं पाकीट परवा आलं. दोन वर्षांनी भावाचं पत्र आलं म्हणून मी ते दारातच उभ्याउभ्या फाडलं, तर आत पत्र नाहीच. आमच्या प्रयोगवहीच्या एका पानाची झेरॉक्स, आणि मागे तुझ्या त्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात एकच ओळ: 'हे अक्षर कोणाचं?' वर 'ताई' नाही, खाली सही नाही. ठीक आहे. मुंगीच्या कागदांत सापडली असेल तुला ती.

विचारलंस म्हणून सांगते. पानाच्या खालच्या कोपऱ्यात, समासात जो शब्द आहे, 'वाचलं', ती माझी खूण आहे. वहीचं पान भरलं की प्रयोगशाळेच्या प्रमुखानं ते वाचायचं आणि खाली तसं लिहायचं, असा नियम आहे. बावीस वर्षं मी प्रत्येक पानाखाली 'वाचलं' लिहीत आले. चौकशी समितीला मी हेच सांगितलं होतं आणि समितीनं ते मान्य केलं होतं. त्या पानात यापलीकडे काही नाही.

मुंगीला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. तू नवरा, तू तिला घरात नावानं हाक मारायचास, पण माझ्या तोंडी तीच हाक बसली आहे, तेव्हा राग मानू नकोस. मोटर-वायंडिंगचं दुकान परत उघडलंस का? वार्निशची भट्टी निदान सध्या पेटवू नकोस. बाबा असताना भट्टीच्या वर धूर जायला पंखा होता, तो कुठे गेला? तिला त्या खोलीत एकटीला कशाला... जाऊ दे. हे विचारायचा मला हक्क नाही, एवढं कळतं मला.

इस्पितळात तू मला दारातून परत पाठवलंस, त्याचा राग नाही. ती तिथे होती ते अकराही दिवस मी खाली बाकावर येऊन बसत होते. तुला माहीत नसेल.

वेळेवर जेव. नुसत्या चहावर राहू नकोस.

तुझी ताई


२९ जानेवारी

ठोंब्या,

तू अगदी बाबांवर गेलास. गिऱ्हाईक थापा मारायला लागलं की बाबा वाद घालायचे नाहीत, जळकी मोटर उचलून परत त्याच्या हातात ठेवायचे. तू त्याच पानाची झेरॉक्स पुन्हा पाठवलीस. या वेळी मागे प्रश्नसुद्धा नाही.

बरं. सगळं नीट सांगते. 'तुला काय कळणार' असं मी जन्मभर म्हणत आले, पण मोटर तुला माझ्याहून जास्त कळते.

आम्ही ज्या विषाणूवर काम करतो तो माणसाच्या वाटेला जात नाही, जंतूंना खातो. त्याचं कवच आधी रिकामं तयार होतं. कवचाच्या तोंडाशी एक मोटर असते. ती डीएनएचा लांबलचक धागा आत ओढते आणि दडपून भरते, खोळीत मावणार नाही इतका कापूस कोंबावा तसा. दिसायला सूक्ष्मदर्शकातही मुश्किलीनं दिसते, पण आकाराच्या मानानं तिच्याइतका जोर तुझ्या दुकानातल्या एकाही मोटरीत नाही. ही मोटर तिच्या घरातून काढून आपल्या कामाला जुंपायची, हे माझं काम. विषाणूचा धागा नको, औषधाचा धागा भर, असं तिला शिकवायचं. एका जातीच्या आंधळेपणावर तो धागा उपयोगी पडेल, कवचात बंद करून डोळ्यात सोडता येईल, असा सगळा बेत होता.

तू पहिल्यांदा प्रयोगशाळेत आलास ते आठवतं? मी अशीच ऐटीत सांगत होते आणि तू विचारलंस, "तिला ग्रीस कोण लावतं?" सगळे खो खो हसले. एक मुंगी हसली नाही. चणीनं एवढीशी, दिवसभर हात चालू, म्हणून तर आम्ही तिला मुंगी म्हणायचो. हातातलं काम न सोडता ती म्हणाली, "ग्रीस नाही लागत. पण खायला वेळेवर लागतं." तू तिच्याकडे बघतच राहिलास. चार महिन्यांत लग्न! माझी चांगली सहायक पळवलीस म्हणून मी तुला शिव्या घातल्या, पण मनातून किती खूश होते ते तुला कधी बोलले नाही. आता बोलते.

खायला म्हणजे इंधन. इंधन दिलं तर मोटर चालते, नाही तर बंद. धागा खरंच आत गेला की नाही हे बघायला आम्ही नंतर नळीत कात्री सोडायचो. कात्री म्हणजे डीएनए खाऊन टाकणारं एक द्रव्य. जो धागा कवचाच्या आत गेला तो वाचला, जो बाहेर राहिला तो गेला. मग उरलेला धागा जेलच्या पातळ थरावर पसरून त्याचं चित्र काढायचं. पट्टा दिसला की आम्ही म्हणायचो 'वाचलं', नाही दिसला की 'गेलं'. आणि प्रत्येक खेपेला शेवटची एक नळी बिनइंधनाची लावायची. तिला मुंगीनं नाव ठेवलं होतं, उपाशी नळी. उपाशी नळीत मोटर चालणार नाही, धागा बाहेरच राहणार, कात्री त्याला खाणार. उपाशी नळीचं 'गेलं' आलं तरच बाकीच्यांच्या 'वाचलं'ला अर्थ. तुम्ही वायंडिंग झाल्यावर टेस्टिंगचा दिवा लावता ना, तो आधी नुसताच लागतो का ते बघता, तसंच.

म्हणजे तुझ्या लक्षात आलं असेल की आमच्या खोलीत त्या शब्दाचे दोन अर्थ होते. मी पान वाचलं, हा एक. धागा वाचला, हा दुसरा.

मूळ वही माझ्या कपाटात आहे. काल काढून बघितली. झेरॉक्सवर सगळं काळंच दिसतं. वहीत तो शब्द शिसपेन्सिलीनं आहे. मी शाईनं लिहिते आणि पुढे तारीख घालते. इथे तारीख नाही. आणि अनुस्वार टिंब नसून छोटं वर्तुळ आहे.

अक्षर तिचं असावं असं दिसतं. समितीसमोर झेरॉक्स होती, घाईत मला माझंच वाटलं. चूक झाली माझी. माणसाकडून होते.

तुझी ताई


१६ फेब्रुवारी

ठोंब्या,

तिसऱ्यांदा त्याच पानाची झेरॉक्स. पहिल्या प्रतीच्या घडीवर आता शाई उडायला लागली आहे.

'असावं असं दिसतं' हे मी लिहिलं, ते टाकून दे. 'घाईत वाटलं' तेही टाक. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. औषधाच्या कंपनीची माणसं मोटर बघायला यायची होती, चार दिवस राहिले होते. सकाळी अकराच्या सुमाराला मुंगी चित्र घेऊन माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, "मॅडम, उपाशीपण वाचलंय."

मी म्हटलं, "काहीतरी बरळू नकोस. नळ्या अदलाबदल केल्या असशील."

"नाही केल्या. तीनदा बघितलं."

दुपारपर्यंत तिनं कारणही शोधून आणलं. नळ्या धुवायचं जे पाणी आम्ही नवीन बनवायला लागलो होतो, त्यात मॅग्नेशियम धरून ठेवणारं एक रसायन होतं. मॅग्नेशियमशिवाय कात्री चालत नाही. म्हणजे कात्री बोथट होती, सगळ्याच नळ्यांत. कुठेच काही कापलं गेलं नव्हतं, म्हणून सगळं 'वाचलं'. धागा आत गेलाय की बाहेरच लोंबतोय, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आणि ते पाणी बनवायची कृती माझी होती, ठोंब्या. माझ्या हातची.

तक्त्यात उपाशी नळीपुढचा रकाना तिनं मला विचारून भरायचा म्हणून मोकळा ठेवला होता. मी म्हटलं, "राहू दे तसाच. ही मंडळी जाऊ देत, पुढच्या आठवड्यात परत करू."

ती म्हणाली, "मोकळा कसा ठेवू? झालंय ते झालंय ना."

खोलीत सहा-सात जण होते. मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, "मुंगीला पंख फुटले वाटतं." हसले सगळे. ती लाल झाली, जागेवर गेली. रकाना तिनं मोकळाच ठेवला, माझा शब्द पाळला. पण त्याच्या शेजारी, समासात, पेन्सिलीनं एक शब्द लिहिला. नेमका तिथे, जिथे पान संपल्यावर मी माझी खूण करते. मी संध्याकाळी वही बघितली, तो शब्द बघितला, आणि त्या पानावर माझी खूण केलीच नाही. म्हणून त्या पानावर 'वाचलं' एकदाच आहे.

पुढचा आठवडा आला नाही. कंपनीची माणसं खूश होऊन गेली. चित्र लेखात छापायला देताना, उपाशी नळीचा पट्टा कडेला होता तेवढी कड मी कापली. मी, माझ्या हातानं. कंपनीनं आमच्याच कृतीनं पाणी बनवलं, त्यांचीही कात्री बोथट. आणि आमच्या चित्रात उपाशी नळी नाही म्हणून त्यांनी ती लावलीच नाही. पाच माणसांच्या डोळ्यांत ते औषध गेलं. धागा कवचात नव्हता, मोकळाच होता. डोळे सुजले. पाचांपैकी तिघांचं जे थोडंफार दिसत होतं तेही गेलं. त्यातला एक शिंपी होता. समितीच्या खोलीत आला तेव्हा त्यानं हातानं चाचपून खुर्ची शोधली, आणि बसताना टेबलावरच्या कापडाची कड सवयीनं बोटांत धरून बघितली.

समितीत एक निवृत्त न्यायाधीश, एक डोळ्यांचे डॉक्टर आणि एक अधिकारी. आमच्या खोलीतली भाषा तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हती. बाकीच्या सहायकांना बोलवायची गरज नाही असं मीच सांगितलं होतं. न्यायाधीशांनी मुंगीला विचारलं, "उपाशी नळीचा निकाल तुम्ही का नोंदवला नाही?"

"नोंदवलाय साहेब. हे काय, समासात. वाचलं म्हणजे धागा वाचला."

ते माझ्याकडे वळले. मुंगी म्हणाली, "मॅडम, सांगा ना."

मी समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत होते.

मग ती म्हणाली, "ताई, सांगा ना." लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत कामाच्या जागी तिनं मला ताई म्हटलं नव्हतं. घरी ताई, इथे मॅडम, असा तिचा स्वतःचाच नियम होता. त्या दिवशी तो तिनं मोडला, आणि मी म्हटलं, "ती माझी खूण आहे. मी पान वाचलं, एवढाच तिचा अर्थ."

निकाल लपवला आणि चित्र कापलं, असा ठपका तिच्यावर आला. दुसऱ्या दिवशी तिचं ओळखपत्र काढून घेतलं. तुझ्या दुकानात ती तारा गुंडाळायला बसली ती माझ्यामुळे. भट्टीचा भडका उडाला तेव्हा तिथे उभी होती ती माझ्यामुळे. हे तुला माहीत आहे. मला माहीत आहे हे तुला माहीत नव्हतं, म्हणून लिहिलं.

अजून एक. आठव्या दिवशी इस्पितळात एक नर्स खाली आली. बाकावर बसलेल्या मलाच तिनं विचारलं, "मॅडम म्हणजे तुम्हीच का? पेशंट सारखं एकच विचारतायत. मॅडमनी वाचलं का, मॅडमनी वाचलं का."

मी म्हटलं, "हो म्हणून सांगा."

ती वर गेली. सांगितलं असेल तिनं. तेवढं खरं बोलले मी तिच्याशी, तेही दुसऱ्याच्या तोंडून.

आता तुला सगळं सांगितलं. माझी एक विनंती आहे. हे आपल्या दोघांत राहू दे. माझ्याकडे सोळा माणसं कामाला आहेत, त्यांची घरं आहेत. मला निवृत्तीला एक वर्ष उरलं आहे. ती काही परत यायची नाही. तू धाकटा आहेस, पण तुझ्या पाया पडते.

ताई


७ मार्च

ठोंब्या,

तुझं कार्ड आलं. उघडं पोस्टकार्ड, म्हणजे पोस्टमननं वाचलं असणार, शेजारणीनं तर नक्कीच. चार शब्द.

'वाचलं. ती नाही वाचली.'

खोटं नाही सांगत, आधी मला हसूच आलं. शाळेत निबंधाला तू असाच दोन ओळींत वाट लावायचास आणि मार खायचास. मग मी खुर्चीवर बसले. मोलकरीण दोनदा विचारून गेली, बाई, बरं नाही का. मला रडू येत होतं आणि रडायचीही लाज वाटत होती.

चार दिवस कार्ड टेबलावर होतं. पाचव्या दिवशी मूळ वही घेऊन संचालकांकडे गेले. माणूस चांगला आहे, वयानं माझ्याहून लहान. म्हणाला, "मॅडम, कशाला आता? विषय मिटलाय तो."

म्हटलं, "मिटला नाही. मी मिटवलाय."

वही त्याच्यासमोर उघडली. त्याला पटेना. शब्दाकडे बघून म्हणाला, "अहो, पण तुम्हीच तर प्रत्येक पानावर हे लिहिता." मी त्याला शब्दाच्या शेपटावरून बोट फिरवायला सांगितलं. फिरवलं त्यानं. बोटाला काळं लागलं. मग मागच्या पानावरच्या माझ्या शब्दावरून फिरवायला सांगितलं. तिथे काही लागलं नाही, शाई कशाला लागेल? त्याच हातानं त्यानं फोन उचलला.

पुढचं सगळं भराभर झालं. लेख मागे घेतला. प्रयोगशाळेला कुलूप. सोळा जण व्हरांड्यात डबे घेऊन उभे होते. त्यांच्यात एक सगळ्यात जुनी सहायक आहे, मुंगीच्या शेजारच्या टेबलावरची. मी तिला म्हटलं, "मला माफ करा." ती म्हणाली, "आम्हाला माहीतच होतं मॅडम. तुम्ही आम्हाला बोलवलंच नाहीत, आणि आम्हीही आपणहून गेलो नाही." एवढं बोलून तिनं डबा पिशवीत घातला.

डोळे गेलेल्या तिघांना समिती पुन्हा बोलावणार आहे. त्यांच्यासमोर मला बसायचं आहे. शिंप्यानं निरोप पाठवला की तो येईल, पण या वेळी बायकोला बरोबर आणेल, म्हणजे मी कशी दिसते ते ती त्याला सांगू शकेल.

सोबत नोटिशीची प्रत जोडली आहे. मूळ नोटीस मुख्य दाराशी फळ्यावर लावली आहे, टाचण्या मी स्वतः मारल्या. 'सदर निकाल सहायक संशोधिकेने त्याच दिवशी वहीत नोंदवला होता. तिच्यावरील ठपका रद्द करण्यात येत आहे.' 'करण्यात येत आहे'! दोन वर्षांनी आणि ती गेल्यावर. पण तिचं नाव पूर्ण लिहिलं आहे, तुझ्या आडनावासकट. ते मी सांगून घालून घेतलं. प्रत फ्रेम कर, जाळ, तुझी मर्जी. मला कळवू नकोस.

मी माफी मागणार नाही. आठवडाभर मागायचं ठरवत होते, वाक्यंही जुळवली होती. पण माफी मिळाली तर मला बरं वाटेल, आणि मला बरं वाटावं असं मलाच वाटत नाही.

शेवटचं सांगते आणि थांबते. माझं निवेदन कारकुनानं टाइप करून आणलं. तीन पानं. म्हणाला, "मॅडम, वाचून खाली सही करा." मी वाचलं. आणि सवयीनं हात पानाखाली गेला आणि त्यानं 'वा' काढलासुद्धा. तिथे थांबले. कारकून म्हणाला, "दुसरा कागद देऊ का?" मी नको म्हटलं. त्या 'वा'वर आडवी रेघ मारली. तो तसाच राहू दे, सगळ्यांना दिसू दे. आणि त्याच्या पुढे, तू पहिल्या झेरॉक्सच्या मागे जे विचारलं होतंस त्याचं उत्तर लिहिलं आणि सही केली.

हे अक्षर तिचं आहे.